नापास यांचा अभिप्राय

माझ्या भावोजींना कुणाला कधी सरळ 'छान' म्हणता आलं नाही. म्हणायचे, पण आधी चार दोष सांगून झाल्यावर, आणि तेही खरोखर छान असेल त्यालाच. ताईशी त्यांचं जमलं आणि ते पहिल्यांदा आमच्या घरी आले, तेव्हा आईनं हौसेनं ठेवणीतले कप काढले होते. हे गृहस्थ खुर्चीवर बसले, मान वर केली आणि म्हणाले, "तुमच्या पंख्याचं बेअरिंग कोरडं पडलंय. थोड्या दिवसांनी आवाज वाढेल." चहाबद्दल अवाक्षर नाही. आई आत येऊन माझ्या कानात म्हणाली, "हा जावई आहे की पंखेवाला?" ताई मात्र तोंडावर हात धरून हसत होती. तिला तेच आवडलं होतं. "खोटं बोलत नाही गं तो," ती मला म्हणाली. "बाकीच्यांचं बोलणं सोलून बघावं लागतं." मी विचारलं, तुझ्याबद्दल काय म्हणाला? तर म्हणे, आवाज गोड आहे, पण फार भरभर बोलतेस. आणि ही बाई यावर भाळली होती. आता काय बोलायचं!

ते पंख्यांच्या कारखान्यात तपासनीस होते. तयार पंखा टांगला जायचा, चालू व्हायचा, आणि भावोजी डोळे मिटून त्याच्याखाली उभे राहायचे. कान देऊन ऐकायचे. मग पास किंवा नापास. नापास पंख्यावर लाल चिठ्ठी चिकटवायची आणि ज्यानं तो जुळवला त्याला बोलावून दोष नेमका कुठे आहे ते सांगायचं, असा त्यांचा शिरस्ता. "नुसतं नापास म्हणणं हा आळस झाला," असं ते म्हणायचे. "कुठे बिघडलंय ते कळलं नाही तर तो माणूस सुधारणार कसा?" कारखान्यात त्यांचं नावच नापासराव पडलं होतं. लोक चिडायचे, पाठीमागे बोटं मोडायचे, पण स्वतःच्या घरी पंखा घ्यायचा झाला की ह्यांनाच ऐकायला घेऊन जायचे.

मग कारखान्यात ऐकायचं यंत्र आलं आणि नापासराव घरी बसले. तिथून आमचे हाल सुरू झाले. रिकामा बसलेला तपासनीस घरात असणं म्हणजे काय, ते ज्याचं त्यालाच माहीत. नळाचा थेंब, कपाटाची बिजागरी, ताईचं कांदा चिरणं, काहीच सुटत नव्हतं. माझं कपडे दुरुस्तीचं दुकान आहे. तिथे येऊन त्यांनी माझ्या शिवणाच्या मशीनला कान लावला आणि गिऱ्हाइकासमोर सांगितलं की हिचा पट्टा सरकतोय. सरकत होता, ही गोष्ट वेगळी. ताई मला म्हणाली, "यांना कुठलं तरी काम शोधून दे बाई, नाही तर मी कानात बोळे घालून बसते."

काम शोधलं भाचीनं. ताईची ही एकुलती एक लेक छापखान्यात पानं लावायचं काम करते आणि उरलेल्या वेळात कॉम्प्युटरवर छोटे छोटे खेळ बनवते. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण ऐकून ऐकून इतकं कळलं की या पोरांच्या स्पर्धा असतात, त्यांना गेम जॅम म्हणतात. एक विषय देतात, शनिवार-रविवारात प्रत्येकानं त्यावर एक खेळ करायचा, मग सगळे खेळ एका जागी ठेवतात आणि सगळ्यांनी एकमेकांचे खेळून खाली अभिप्राय लिहायचा. आता प्रत्येकाला आपल्या खेळाची पडलेली असते. त्यामुळे 'मस्त', 'भारी', 'माझाही खेळा' असं दोन शब्दांत उरकतात. भाचीच्या पहिल्या खेळाखाली तर तेवढंही कुणी लिहिलं नव्हतं. ती आठवडाभर तोंड पाडून हिंडत होती. भावोजींनी ते पाहिलं, कॉम्प्युटरपुढे खुर्ची ओढली आणि आयुष्यात पहिल्यांदा गेम खेळले. मग एका बोटानं टाइप करत लांबलचक अभिप्राय लिहिला. कुठे अडलो, कुठे चिडलो, कुठे उगाच वाट बघावी लागली, आणि शेवटी एक ओळ: उडी मारल्यावर येणारा आवाज चांगला आहे, त्याला हात लावू नये.

पोर ते वाचून रडली. मी भावोजींना फैलावर घेतलं. लेकीला तरी सोडायचं होतं! पण दुसऱ्या दिवशी तिनं एकेक दोष दुरुस्त करायला घेतला, खेळ सुधारून पुन्हा वर चढवला, आणि अनोळखी माणसं तो खेळायला लागली. त्या बाप-लेकीत तोवर 'जेवलीस का' आणि 'हो' यापलीकडे बोलणं नव्हतं. त्यानंतर त्यांना एक भाषा सापडली. तिनं नवा खेळ केला की ती ओठ घट्ट मिटून मागे उभी राहायची आणि हे डोळे बारीक करून खेळायचे. ताई मला डोळ्यांनी खुणावायची, बघ, बघ, गप्पा चालल्यात.

भाचीनं त्यांना त्या जागेवर स्वतःचं खातं काढून दिलं. नाव काय ठेवू म्हणाली, तर म्हणाले, 'नापास'. तेव्हापासून प्रत्येक जॅम झाला की नापास कामाला लागायचे. ज्या खेळाखाली कुणी काही लिहिलेलं नाही, तेच आधी खेळायचे. त्यांचा नियमच होता तो. कुणा पोरानं केलेला अर्धवट, चालता चालता बंद पडणारा, बघवणार नाही असा खेळसुद्धा ते शेवटपर्यंत खेळायचे, आणि शेवट नसेल तर कुठवर गेलो ते सांगायचे. एकीनं त्यांना लिहिलं होतं, मी हे सगळं सोडून देणार होते, तुम्ही माझा खेळ पाच वेळा खेळलात हे वाचून सोडलं नाही. भावोजींनी ते ताईला वाचून दाखवलं आणि वर म्हणाले, "पाच नाही, सहा वेळा." मी त्यांची कितीही टिंगल करत असले तरी एक मान्य करते. त्या पोरांच्या बाबतीत त्यांच्याइतका धीराचा माणूस मी पाहिला नाही.

म्हणूनच पुढे जे झालं त्याचा मला इतका संताप आला.

ताईच्या पोटात गाठ निघाली. उपचार झाले, पुन्हा झाले, आणि मग डॉक्टरांनी आम्हाला बाजूला घेऊन सांगितलं की आता घरी न्या, त्रास होऊ देऊ नका, एवढंच. मी दुकानाला कुलूप लावलं आणि त्यांच्याकडे राहायला गेले. तिसऱ्या मजल्यावरचं घर. एका टोकाला स्वयंपाकघर, दुसऱ्या टोकाला ताईची खोली, मधे लांबट पॅसेज, आणि पॅसेजला लागून, ताईच्या खोलीला खेटून, भावोजींची कॉम्प्युटरची खोली. ताईचा पलंग खिडकीजवळ होता. औषधांच्या बाटल्या, ओले रुमाल, बेसिन, उशाशी टेबलफॅन. भाचीनं छापखान्यातून निम्मी सुट्टी घेतली होती. ती आणि मी आळीपाळीनं बसायचो. ताईला घोट घोट पाणी लागायचं, आणि ते गारच लागायचं, म्हणून दर थोड्या वेळानं स्वयंपाकघरापर्यंत खेप.

भावोजी आत येत नव्हते. सुरुवातीला यायचे, उंबऱ्यात उभे राहायचे, औषध संपलं का विचारायचे. मग तेही थांबलं. औषधं आणून पॅसेजमधल्या टेबलावर ठेवायचे, डॉक्टरांना फोन करायचे, बाजार करायचे, आणि खोलीत जाऊन दार लावून घ्यायचे. आत खेळांचे आवाज चालू. ताईला ते दार बंद झाल्याचं कळायचं. पाणी घेऊन गेलं की घोट घ्यायच्या आधी विचारायची, "आले का गं?" मी म्हणायचे, कामात आहेत. ती म्हणायची, "हं." आणि पाणी प्यायची. दर खेपेला हेच. तिला दुसरं काही नको होतं. जाण्याआधी नवऱ्यानं येऊन घटकाभर जवळ बसावं, एवढंच तिचं मागणं होतं, आणि तेही ती तोंडानं मागत नव्हती.

एकदा मी भावोजींना स्वयंपाकघरात गाठलं. म्हटलं, "आत जाऊन बसा ना जरा."

"बसून काय बोलू?"

"काहीही बोला. आज बरी दिसतेस म्हणा."

"दिसत नाहीये ती बरी."

"अहो, म्हणायचं असतं तसं!"

त्यांनी हातातली पिशवी खाली ठेवली. "मला नाही येत ते. तिला माहितेय. मी आत गेलो की ती माझ्या तोंडाकडे बघणार, आणि तिला निकाल कळणार. आणि बघायला तरी कशाला जायचं? तिचा श्वास मला भिंतीतून ऐकू येतो. परवापासून बदललाय तो."

म्हणजे हा माणूस आत गेम लावून बसायचा आणि भिंतीपलीकडचं सगळं ऐकायचा. मला त्यांची दया यायला हवी होती, कदाचित आलीही, पण रागच वरचढ ठरला. मरणाऱ्या बायकोला तुमच्या निकालाशी काय करायचंय? तिला डॉक्टरांनी केव्हाच सांगितलं होतं. घाबरलेल्या माणसाला खरेपणाचं पांघरूण मिळालं, बस्स, असं मी त्यांना तोंडावर सुनावलं. ते पिशवीतली औषधं टेबलावर मांडायला लागले.

त्याच आठवड्यात एक जॅम होता. विषय होता 'घर'. शनिवारी दुपारी मी पाहिलं, भाची आईच्या पलंगाशेजारी मांडीवर लॅपटॉप घेऊन बसली होती. मला वाटलं छापखान्याचं काम असेल. रविवारी संध्याकाळी तिनं मला बोलावलं. "मावशी, हा खेळ."

मला कसं खेळायचं तेही येत नव्हतं. तिनं बटणं दाखवली. पडद्यावर साधी चौकोनी चित्रं होती. एक पिवळा चौकोन, तो म्हणजे आपण. एका टोकाला नळ, दुसऱ्या टोकाला पलंग, पलंगावर एक बाई. ग्लास भरायचा आणि न सांडता तिच्यापर्यंत न्यायचा. भरभर गेलं तर पाणी हिंदकळतं, थांबलं तर ग्लास ठिबकतो. बाईला पाणी दिलं की तिच्या डोक्यावर अक्षरं उमटतात, 'आला का?' मग पुन्हा नळ. वाटेत एक बंद दार. दाराखालून उजेड. ठोठावलं की टकटक वाजतं, आतला पंख्याचा आवाज क्षणभर थांबतो आणि पुन्हा सुरू होतो. दार काही उघडत नाही. अशा खेपा घालता घालता एकदा आपण पाणी घेऊन जातो आणि पलंग रिकामा असतो. ग्लास हातात तसाच. खेळ संपला.

मी पहिल्या खेपेलाच ओळखलं. म्हटलं, "अगं, हे त्यांना दाखव ना."

"दाखवायचं नाही," ती म्हणाली. "मी वेगळ्या नावानं टाकलाय. कुणी खेळणार नाही, खाली अभिप्राय नसेल, म्हणजे बाबा आधी हाच उघडतील. त्यांच्याशी मला एवढ्याच रस्त्यानं बोलता येतं, मावशी."

"मग मीच सांगते त्यांना, की अहो, हे दार तुमचं—"

"नाही. शपथ आहे तुला. त्यांचं त्यांना कळू दे. मी सांगितलं तर ते माझ्यासाठी उठतील. आईसाठी उठायला हवेत."

तिच्या चेहऱ्यावर त्या दिवशी आशा होती. इतकी की माझा जीव टांगणीला लागला.

सोमवारी भावोजी सकाळपासून खोलीत होते. भाची कामाला गेली नाही. पॅसेजमधून जाता-येता ती पाऊल हळू टाकायची. दुपारी त्या खोलीतून तो टकटक आवाज आला. टकटक, टकटक, टकटक. आत बसून ते दार ठोठावत होते. भाची ग्लास हातात धरून पॅसेजमध्ये थिजून उभी राहिली. मला वाटलं, आता उघडतंय दार. आता येतात बाहेर. मग आवाज थांबला आणि एका बोटानं टाइप केल्याचा आवाज सुरू झाला.

तिन्हीसांजेला ती फोन घेऊन माझ्याकडे आली आणि स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून तिनं मला वाचून दाखवलं. अजून मला ते जसंच्या तसं आठवतं.

'खेळ तीनदा खेळलो. चालणं फार चांगलं जमलंय. पाणी हिंदकळताना मीही श्वास रोखून चाललो. आता दोष. एक, बाई दर खेपेला तोच प्रश्न विचारते. थोड्या वेळानं तो ऐकूसुद्धा येईनासा होतो. प्रश्न बदलावा किंवा तिनं विचारणं थांबवावं. दोन, बंद दार. ठोठावता येतं म्हणजे ते कधीतरी उघडणार, असं खेळणारा धरून चालतो. मी तिथे बराच वेळ उभा राहिलो, ग्लास ठिबकत राहिला, बाई तहानलेली राहिली. जे दार उघडत नाही ते वाटेत ठेवू नये. एक तर उघडावं, नाही तर काढून टाकावं. तीन, आत जो कोणी आहे तो कोण हे कळत नाही, आणि खरं सांगायचं तर कळावंसं वाटतही नाही. एकूण खेळ प्रामाणिक आहे. शेवट चांगला आहे, त्याला हात लावू नये. — नापास'

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी उठलेच होते. पोरीनं माझा हात धरला. रडत नव्हती. उलट तिच्या कपाळावर आठी होती, काम करतानाची.

"बरोबर आहे त्यांचं," ती म्हणाली.

"काय बरोबर आहे? डोळे फुटलेत का त्या माणसाचे?"

"खेळ म्हणून बरोबर आहे, मावशी." आणि ती ग्लास भरून आईकडे गेली.

मी शपथ पाळली म्हणजे खेळाचं काही बोलले नाही. पण दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या खोलीत न विचारता घुसले, कॉम्प्युटरची वायर भिंतीतून उपटली आणि म्हटलं, "उठा. आता नाही आलात तर पुन्हा या तोंडानं मला मेहुणी म्हणू नका." ते उठले. मी पुढे आणि ते मागे, असे आम्ही ताईच्या खोलीत गेलो. ती झोपेच्या औषधाखाली होती. तोंड उघडं, गाल आत गेलेले. भावोजी पलंगाच्या पायथ्याशी उभे राहिले. मी खुर्ची पुढे सरकवली. ते बसले नाहीत. त्यांची नजर ताईवर गेली आणि तशीच उचलली गेली, तापल्या भांड्यावरून बोट उचलावं तशी. मग टेबलफॅनवर येऊन थांबली. त्यांनी डोळे मिटले. चेहरा एकदम निवळला.

"याचं बेअरिंग गेलंय," ते म्हणाले. "हिला झोप कशी लागते या आवाजात?"

आणि पंखा बंद करून, वायर गुंडाळून, काखेत मारून घेऊन गेले.

मी कपाळाला हात लावला. आवाज थांबला तशी ताईला जाग आली. खोलीत उकडायला लागलं होतं. मी वर्तमानपत्रानं वारा घालत होते. ती म्हणाली, "आले होते?"

"आले होते."

"मग?"

"पंखा दुरुस्त करायला घेऊन गेले."

ताई हसली. पोटाला हात धरून, कळ सोसत हसली. "जाऊ दे," ती म्हणाली. "पंखा तरी बरा होईल." मग मान खिडकीकडे वळवली. त्यानंतर पाणी नेलं की ती नुसतं पाणीच प्यायची. 'आले का' म्हणून विचारलं नाही.

संध्याकाळी त्यांनी पंखा आणून लावला. ती झोपलेली होती. खरंच सांगते, चालू आहे की बंद तेही कळत नव्हतं इतका मुका चालत होता. भावोजींनी तो दोनदा वळवून वारा तिच्या चेहऱ्यावर येणार नाही, पण केसांवरून जाईल असा लावला. हात फिरवला तो जाळीवरून. बायकोच्या कपाळावरून नाही. आणि गेले.

ती दुसऱ्या दिवशी सकाळी गेली. भाची आणि मी दोघी होतो. दोन श्वासांमधलं अंतर वाढत गेलं, आणि एकदा पुढचा आलाच नाही. मी त्यांना सांगायला खोलीबाहेर आले, तर भावोजी पॅसेजमध्येच उभे होते, भिंतीला पाठ लावून, चष्मा हातात. मी तोंड उघडायच्या आत म्हणाले, "थांबला ना?"

मी मान हलवली. मग ते आत गेले. खुर्ची ओढून बसले, आणि लोक जमेपर्यंत बसून राहिले.

सगळं उरकल्यावर मी काही दिवस तिथेच राहिले. घरात कुणी कुणाशी बोलत नव्हतं. भाची छापखान्यात जायला लागली, भावोजी खोलीत. एका रविवारी आम्ही तिघं चहाला बसलो होतो, आणि भावोजी आपणहून बोलले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

"मागच्या जॅममध्ये एक खेळ होता. आजारी बाईचा. ज्या कुणी केलाय त्यानं माझं सगळं ऐकलं. बाईचा प्रश्न काढला, दार काढून तिथे सरळ भिंत केली. खाली आभार मानलेत माझे. आता खेळ कुठे अडत नाही. वरचा नंबर आलाय त्याचा." आणि त्यांना चक्क बरं वाटत होतं. बायको जाऊन पंधरवडा झालेल्या माणसाला कुठेतरी कामाला आल्याचं समाधान वाटत होतं.

भाची ब्रेडला लोणी लावत होती. लावतच राहिली. माझ्याच्यानं राहवेना. शपथ गेली चुलीत.

"तो खेळ हिनं केलाय," मी म्हटलं. "ती बाई म्हणजे माझी बहीण. पाणी नेणारी ही. आणि ते दार तुमचं होतं. तुम्ही स्वतःच्याच दारावर टकटक करत बसला होतात, आणि आत कोण आहे ते कळावंसं वाटत नाही म्हणून लिहून मोकळे झालात."

भावोजींनी लेकीकडे पाहिलं. तिनं नाही म्हटलं नाही. ते उठून खोलीत गेले. दार उघडंच राहिलं, त्यामुळे मला दिसत होतं. ते खेळत होते. नळापासून पलंगापर्यंत, पुन्हा नळापासून पलंगापर्यंत, आणि मधल्या भिंतीपाशी दर वेळी थांबत होते. तिथं ठोठावण्यासारखं काही नव्हतं. किती वेळ चाललं होतं देव जाणे. चहा गार होऊन त्यावर साय धरली.

मग ते बाहेर आले आणि लेकीसमोर उभे राहिले. त्या माणसाचा आवाज कापताना मी पहिल्यांदा ऐकला.

"जुना खेळ आहे का कुठे?"

"नाही. नवा चढवला की जुना जातो."

"ते दार परत बसव."

"कशाला?"

"बसव. उघडेल असं कर. ठोठावलं की लगेच उघडेल असं."

भाचीनं सुरी खाली ठेवली. तिच्या बोलण्यात राग असता तर मी तिला जवळ घेतलं असतं, तिची बाजू घेतली असती, काहीतरी केलं असतं. पण राग नव्हता. दोष कुठे आहे ते समोरच्याला नीट कळावं म्हणून हळू बोलावं, तशी ती बोलली.

"तुमचं बरोबर होतं, बाबा. दार होतं तोवर प्रत्येक जण तिथेच उभा राहायचा. मीसुद्धा. सगळं पाणी तिथे सांडायचं. दार काढलं तेव्हा कुठे ते आईपर्यंत पोचायला लागलं."

भावोजींनी डोळे मिटून ते ऐकून घेतलं. तिच्या सांगण्यात त्यांना एकही दोष सापडला नाही.